इसार देण्याआधी इंजिनियर

घर विकणाऱ्याने घेणाऱ्याला काय सांगायला हवे, हे आपल्याकडे आजही १८८२ सालचा कायदा ठरवतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार मिळकतीत एखादा मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. इथपर्यंत वाचले की घेणाऱ्याला हायसे वाटते. पण त्याच वाक्यात एक अट आहे: तो दोष घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नसावा. म्हणजे नीट पाहिले असते तर जे दिसले असते, ते न पाहिल्याची जबाबदारी घेणाऱ्याची. स्वयंपाकघराच्या छताला गेलेली चीर, सज्जाखालचा गंजाचा ओघळ, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर फुगलेला रंग यांबद्दल नंतर तक्रार केली, तर विकणारा म्हणेल की तुम्ही दोनदा येऊन घर पाहिले होते. त्याचे हे म्हणणे कायद्याच्या चौकटीत बसते. आणि दोष खरोखरच लपलेला असला, तरी विकणाऱ्याला तो आधीपासून माहीत होता हे दाखवून देण्याची वेळ घेणाऱ्यावरच येते. पहिल्यांदा घर घेणाऱ्या बहुतेकांच्या हे गावीही नसते. त्यांची समजूत अशी की घर विकले जात आहे म्हणजे ते कोणीतरी तपासलेलेच असणार.

हीच कुटुंबे कागदांच्या बाबतीत मात्र कमालीची सावध असतात, आणि ते योग्यच आहे. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढला जातो, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहिले जाते, भोगवटा प्रमाणपत्र आहे का हे विचारले जाते, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मागितला जातो. मुंबईत ८० लाखांच्या सदनिकेवर ६ टक्के दराने ४ लाख ८० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार रुपये नोंदणी शुल्क भरताना कोणी घासाघीस करत नाही, कारण तिथे घासाघीस चालतच नाही. या सगळ्या खर्चातून घर कोणाचे आहे हे कळते. ते घर कसे आहे, हे यातला एकही कागद सांगत नाही. भोगवटा प्रमाणपत्रसुद्धा इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला परवानगी मिळाली एवढेच सांगते. नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपते का, सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, खालच्या मजल्यावर कोणी भिंती पाडल्या आहेत का, ही त्याची कक्षा नव्हे. हापूसची पेटी घेताना वरचा थर उचलून खालची फळे पाहणारा ग्राहक घर घेताना मात्र रंग, फरशी आणि खिडकीतून दिसणारे झाड पाहून परततो.

यावर सर्वात लवकर येणारे उत्तर म्हणजे, बँकेने तपासले आहे ना. कर्ज देण्यापूर्वी बँकेचा माणूस येतो, फोटो काढतो, मोजमाप घेतो, हे खरे. पण तो कोणासाठी येतो? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. वरच्या ८० लाखांच्या उदाहरणात समजा बँकेने ६० लाख दिले. उरलेले २० लाख आणि मुद्रांक व नोंदणीचे ५ लाख १० हजार मिळून २५ लाखांहून अधिक रक्कम कुटुंबाने स्वतःच्या खिशातून घातलेली असते. आता त्या घराच्या स्लॅबमध्ये असा दोष निघाला की त्याची किंमत दहा लाखांनी कमी झाली, तर बँकेचे एका रुपयाचेही नुकसान होत नाही. तिचे ६० लाख ७० लाखांच्या घरावर सुरक्षित आहेत, आणि शिवाय हप्ता चुकवणार नाही असा तुमचा शब्दही तिच्याकडे आहे. नुकसानीचा पहिला फटका तुमच्या पैशाला बसावा, अशीच ही रचना आहे, आणि बँकेच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. म्हणून बँकेचा मूल्यांकन अहवाल त्या ६० लाखांची काळजी घेतो. तुमच्या २५ लाखांची काळजी घेणे हे त्याचे कामच नाही. एजंटाला दलाली सौदा झाला तरच मिळते. विकणाऱ्याला घर सोडायचे असते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, भिंती पाहत नाही. व्यवहारात इतकी माणसे असतात, पण घराची अवस्था घेणाऱ्याच्या बाजूने पाहणारे त्यांत कोणीच नसते. ती जागा घेणाऱ्यानेच पैसे देऊन भरावी लागते.

अशा व्यवहाराचे शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. चांगली गाडी आणि खराब गाडी बाहेरून सारखीच दिसते, म्हणून घेणारा दोन्हींना मधलीच किंमत देऊ पाहतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून बाहेर पडते, आणि मागे खराब मालाचे प्रमाण वाढत जाते. या विचाराबद्दल अकरलॉफ यांना २००१ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले. घरांना हा विचार लावला की आपल्या पुनर्विक्रीच्या बाजारातली एक नेहमीची गोष्ट उलगडते. ज्याने वेळच्या वेळी गच्चीचे वॉटरप्रूफिंग केले, वरच्या मजल्यावरून येणारी गळती मुळापासून काढली, जुने वायरिंग बदलले, त्याला आणि ज्याने फक्त पुट्टी मारून रंग दिला त्याला चौरस फुटाला जवळपास एकच दर मिळतो. म्हणून घर विकायला काढले की आधी रंगारी येतो. यावर अकरलॉफनेही सुचवलेला आणि व्यवहारात टिकलेला उपाय म्हणजे माहितीची दरी भरून काढणे. स्कॉटलंडने ते कायद्यानेच केले. तिथे डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढणाऱ्यानेच सर्व्हेअरकडून पाहणी करून घेतलेला अहवाल येणाऱ्या ग्राहकापुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे विकणाऱ्यावर असे कोणतेही बंधन नाही. ते येईपर्यंत हा भार घेणाऱ्याने उचलण्याला पर्याय राहत नाही.

आता प्रत्यक्ष दोषांकडे वळू, कारण तपासणी हवी की नको हा वाद खरा तिथे मिटतो. आपल्या हवामानात घराचा पहिला शत्रू पाणी. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोकणात त्याहूनही जास्त. आणि घरे पाहण्याचा मोसम असतो परीक्षा संपल्यानंतरचा, एप्रिल-मेचा. तेव्हा भिंती वर्षभरात सर्वात कोरड्या असतात आणि रंग ताजा असतो. जी भिंत जुलैमध्ये ओली होते, ती मे महिन्यात डोळ्यांना काहीच सांगत नाही. पण तिने मागे खुणा ठेवलेल्या असतात. खोलीतल्या चारपैकी एकाच भिंतीला नवा रंग असणे, स्कर्टिंगच्या वर पांढरट लोणा, खिडकीच्या चौकटीखाली हाताला लागणारे पापुद्रे, कपाटामागचा कुबट वास या त्यांतल्या काही. तपासनीस तिथे ओल मोजण्याचा मीटर लावतो, थर्मल कॅमेऱ्याने भिंतीच्या तापमानातला फरक पाहतो. आत पाणी मुरलेला भाग अनेकदा आजूबाजूपेक्षा थंड दिसतो. बाथरूमचा निचरा बुजवून तिथे चोवीस तास पाणी साठवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे छत पाहायचे, ही चाचणी तर कोणत्याही यंत्राशिवाय होते. तिला लागते फक्त खालच्या शेजाऱ्याची परवानगी. तो शेजारी दार उघडून जे सांगेल, तेही अहवालाइतकेच मोलाचे असू शकते.

गळती ही रंग खराब करणारी कटकट आहे असे समजणे ही यातली सर्वात महागडी चूक. काँक्रीटमधल्या सळया गंजत नाहीत, कारण काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या वातावरणात पोलादावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला किंवा क्षार सळईपर्यंत पोचले, की ते कवच तुटते. मग पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट, साधारण दोन ते सहा पट जागा व्यापतो. ही वाढ आतून काँक्रीटला फोडते, सळईच्या रेषेत चीर जाते, पुढे खालचा थर सुटून पडतो आणि सळई उघडी होते. म्हणून छताला गेलेल्या दोन चिरांचा अर्थ अगदी वेगळा असू शकतो. वीट किंवा ब्लॉकची भिंत बीमला जिथे भिडते, तिथे प्लास्टरमध्ये गेलेली केसासारखी रेघ बहुधा दोन वेगळ्या मालांच्या आकुंचनातली असते आणि भरून निघते. स्लॅबच्या पोटाशी सरळ रेषेत जाणारी, कडेला तांबूस डाग असलेली चीर आतल्या सळईची बातमी देते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली आणि वरच्या मजल्यावरही त्याच जागी असलेली चीर पाया खचल्याची शंका उभी करते. हा फरक घेणाऱ्याला कळत नाही, यात त्याचा काही दोष नाही. पण तो कळणारा माणूस बरोबर न नेणे हा दोष त्याचाच. सळईवर काँक्रीटचे आवरण किती असावे हे भारतीय मानक ४५६ सांगते: सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, किनाऱ्यालगतच्या तीव्र परिस्थितीत ४५. ते प्रत्यक्षात किती आहे, हे स्लॅब न फोडता कव्हर मीटरने मोजता येते. काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज रिबाउंड हॅमर देतो, आतल्या पोकळ्यांचा अल्ट्रासॉनिक चाचणी. प्रत्येक घराला या चाचण्या लागत नाहीत. कोणत्या घराला लागतील, हे सांगायलाच तपासणी हवी.

विजेचे आणि मोजमापाचे काम त्यामानाने लवकर आटोपते. सॉकेटला अर्थिंग पोचते का, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा आरसीसीबी स्विच चाचणीचे बटण दाबल्यावर पडतो का, एसी आणि गीझरच्या वायरी पुरेशा जाड आहेत का, सगळे नळ एकाच वेळी सोडल्यावर वरच्या नळाला किती पाणी येते, एवढे तासाभरात कळते. चटई क्षेत्र मात्र फितीने मोजून घ्यावेच, कारण दर चौरस फुटावर असतो आणि दहा-पंधरा चौरस फुटांचा फरक शहरात लाखांत जातो.

पण आपण सदनिका घेतो तेव्हा खरेतर इमारतीचा एक तुकडा घेत असतो, आणि जीव धोक्यात घालणारे दोष बहुतेक वेळा आपल्या चार भिंतींच्या बाहेर असतात. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई दर्शन ही इमारत कोसळून १७ जण मेले. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीच्या कामात खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा पुढे आला. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांची घरे आतून कितीही नीटनेटकी असती, तरी त्याने काही फरक पडला नसता. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जणांचा बळी गेला. ती जेमतेम दशकभराची होती, त्यामुळे जुन्या चाळीच तेवढ्या पडतात ही समजूत तिच्याबरोबर पडायला हवी होती. नावाजलेला प्रकल्प आणि भारी दर यांनी सुरक्षितता मिळते, हा समजही तितकाच कच्चा. गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसो या उंच इमारतींच्या संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका मनोऱ्याचे एकाखाली एक मजले खचले आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याचे आणि त्यामुळे सळया गंजल्याचे आढळले, आणि तो मनोरा दुरुस्त करून वापरण्याजोगाही उरला नसल्याचा निष्कर्ष निघाला. म्हणून चांगला तपासनीस दारातून आत जाण्याआधी इमारतीभोवती फिरतो. पार्किंगमधले खांब, पाइपांच्या मागचे डाग, सांध्यात उगवलेला पिंपळ, गच्चीचा उतार, टाकीचा तळ आणि तळमजल्यावरच्या दुकानांत झालेले बदल तो आधी पाहतो.

जुन्या इमारतीच्या बाबतीत घेणाऱ्याच्या हाती आणखी एक साधन आहे, पण ते फारच थोडे लोक वापरतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. मुंबईत तर महापालिका अधिनियमाच्या ३५३ब कलमानेच तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना ते सक्तीचे केले आहे. हा अहवाल मागा. तो नसेल, तर तीही एक माहितीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि कार्यकारी समितीची इतिवृत्ते व ताळेबंद विनाशुल्क पाहता येतात. तुम्ही अजून सभासद नाही, पण विकणारा आहे. त्याला ती घेऊन यायला सांगा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या इतिवृत्तांत मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी किती वर्गणी काढायची यावर भांडण झालेले असेल, तर ती वर्गणी बहुधा नव्या मालकाच्या माथी येणार आहे.

नवे घर घेणारे इथे रेरा या स्थावर संपदा कायद्याचा आधार सांगतात. २०१६ च्या या कायद्याच्या १४ व्या कलमानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा दोष दाखवून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. न केल्यास भरपाई मिळते. १९६३ च्या मोफा या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्यात हीच मुदत तीन वर्षांची होती, त्यामुळे हे पाऊल मोठेच आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. पण या कलमाचा लाभ मिळतो तो दोष विकसकाचाच आहे हे दाखवता आले तर. तीन वर्षांनी बाथरूम गळू लागले की समोरून पहिला प्रश्न येतो: ताबा घेतल्यावर तुम्ही फरशा बदलल्या का, फर्निचरसाठी भिंतीत ड्रिल मारले का? ताब्याच्या दिवशीचा तारीख आणि फोटोंसह तज्ज्ञाचा अहवाल हातात असेल, तर या प्रश्नाला उत्तर आहे. नसेल, तर एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द उरतो, आणि बहुतेकांनी ताबापत्रातल्या 'सर्व काही तपासले, कोणतीही तक्रार नाही' अशा अर्थाच्या वाक्याखाली स्वतःच सही केलेली असते. म्हणजे रेरामुळे तपासणी अनावश्यक होते असे म्हणणे उलटे आहे. तपासणी असेल तरच रेराची पाच वर्षे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. जुन्या घराबाबत तर हा प्रश्नच येत नाही, ती पाच वर्षे केव्हाच उलटलेली असतात.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात वेळेचे गणित आणखी कडक आहे. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारानुसार जोते होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत, स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत आणि लिफ्ट, पंप, विजेची जोडणी होईपर्यंत ९५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. ताब्याच्या वेळी तुमच्या हाती उरतात जेमतेम ५ टक्के. विकसकाला तुमचे ऐकायला लावणारी ती शेवटची रक्कम. म्हणून ती भरण्याआधी आणि ताबापत्रावर सही करण्याआधी तपासणी व्हायला हवी. भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला कायदा दोन महिने देतो, म्हणजे वेळ आहे. किल्लीच्या समारंभाची तारीख आधी ठरवून मग इंजिनियर शोधू नये. आणि करार करण्यापूर्वी त्याच विकसकाने चार-पाच वर्षांपूर्वी पूर्ण केलेली इमारत भर पावसाळ्यात जाऊन पाहावी. तिथले रहिवासी मोकळेपणाने बोलतात.

सर्वात खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. बाजार गरम असतो, चांगल्या घराला तीन गिऱ्हाईके असतात. 'तपासणी करून मग ठरवतो' म्हणणाऱ्याला घरमालक सरळ सांगतो की दुसरा उद्याच टोकन देतोय. ही भीती खोटी नाही, आणि ती आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेत करोनानंतरच्या तेजीत असंख्य ग्राहकांनी तपासणीची अट स्वतःहून सोडून दिली. हे इतके वाढले की मॅसॅच्युसेट्स राज्याला कायदा करावा लागला आणि ग्राहकाने तपासणीचा हक्क सोडावा अशी अट घालून घर विकण्यास २०२५ पासून तिथे मनाई झाली. आपल्याकडे असे संरक्षण नाही, पण एक मधली वाट आहे. टोकन लहान ठेवावे आणि इसारपावतीत किंवा टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी: सात दिवसांत खरेदीदार स्वखर्चाने तपासणी करून घेईल, आणि बांधकामात गंभीर दोष आढळल्यास टोकन पूर्ण परत मिळेल. यात विकणाऱ्याचा आठवडा जातो, दुसरे काही जात नाही. ज्याला आपल्या घराची खात्री आहे, त्याला ही ओळ जड जाऊ नये. जो एक दिवसही इंजिनियरला आत येऊ देत नाही, त्याच्या नकारातच किमतीबद्दल पुष्कळ काही कळते. असे घर हातचे गेले तर वाईट वाटेल, पण वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ते वाईट वाटणे फार लहान आहे.

खर्चाचा आक्षेप मला तितका गंभीर वाटत नाही. सर्वसाधारण दोन बेडरूमच्या सदनिकेची तपासणी मुद्रांक शुल्काच्या दशांशातही आरामात बसते. खरी अडचण माणूस निवडण्याची आहे. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांना परवाना लागतो. घर तपासणारा म्हणवून घ्यायला आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे दोन यंत्रे विकत घेऊन कोणीही पाटी लावू शकतो. बांधकामाची शंका असेल तिथे महापालिकेकडे नोंदलेला स्ट्रक्चरल इंजिनियरच हवा. त्याचे नाव एजंटाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेले नसावे, त्याचे शुल्क सौदा होवो न होवो तेवढेच असावे, आणि दुरुस्तीचे कंत्राट तो स्वतः घेणारा नसावा. त्याच्याकडून आधीच्या एखाद्या घराचा नमुना अहवाल, नावे झाकून, मागावा. नुसते 'भिंतीला ओल आहे' असे न म्हणता ओल कुठून येते, थांबवायला काय करावे लागेल आणि अंदाजे किती खर्च येईल हे त्यात असेल, तर माणूस जाणता आहे. अर्थात उत्तम इंजिनियरलाही भिंतीच्या आत सगळे दिसत नाही. एका सदनिकेवरून तो अख्ख्या इमारतीची हमी देऊ शकत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. तपासणीने अनिश्चितता संपत नाही. पण डोळे मिटून घेतलेला धोका आणि आकार कळलेला धोका यांत, आयुष्यभराची बचत लावताना, फार मोठे अंतर आहे.

अहवाल हातात आला की अनेक जण घाबरतात, कारण त्यात साठ-सत्तर नोंदी असतात. सुस्थितीतल्या घरातही पोकळ वाजणाऱ्या चार फरशा आणि न लागणारी दोन दारे निघतातच. त्या बाजूला ठेवा. इंजिनियरला समोर बसवून दोनच गोष्टी विचारा: यातले काय इमारतीच्या ताकदीशी संबंधित आहे आणि काय पाण्याशी? पहिल्या प्रकारातले काही निघाले आणि सोसायटीने त्यावर काम सुरू केलेले नसेल, तर ते घर सोडून द्या, दर कितीही उतरवून मिळत असला तरी. दुसऱ्या प्रकारातल्या प्रत्येक दोषाचा दुरुस्तीखर्च लिहून काढा आणि तो किमतीतून वजा करायला सांगा, किंवा खरेदीखताआधी विकणाऱ्याकडून काम पूर्ण करून घ्या आणि पुन्हा एकदा पाणी साठवून पाहा. तोंडी आश्वासन मान्य करू नका, ठरलेले सगळे साठेखतात लिहून घ्या. आणि हे सगळे करायचे ते इसाराची मोठी रक्कम देण्याआधी, कारण त्यानंतर त्याच अहवालाचा उपयोग फक्त वकिलाला होतो.